थंडीआधी खुराडं तयार करताना: आधी कोरडं, मग उबदार

दिवाळी सरली की आमच्या निफाड-सिन्नरकडे पहाटेचा वारा बोचायला लागतो. निफाडला पारा काही वेळा ५ अंशांच्याही खाली उतरतो. परसातल्या कोंबड्यांची काळजी वाटते आणि मग घरोघर एकच गोष्ट होते: ताडपत्री आणायची आणि खुराडं चारही बाजूंनी गच्च बांधून टाकायचं. पंधरा दिवसांत कोंबड्या शिंकायला लागतात, नाकातून पाणी येतं, रात्री घरघर ऐकू येते. लोक म्हणतात, ‘थंडी बाधली.’

बहुतेक वेळा बाधलेली असते ती ओल. कोंबडीच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास असते. पोटभर खाल्लेली, कोरडी कोंबडी पिसं फुगवून बसली की आपल्याकडची ७-८ अंशांची रात्र सहज काढते. तिला सोसत नाही ती ओली गादी (म्हणजे खुराड्यातल्या जमिनीवर पसरलेला तुसाचा थर), कोंडलेली हवा आणि अंगावर थेट येणारा वाऱ्याचा झोत. २५ कोंबड्यांच्या विष्ठेतून आणि श्वासातून एका रात्रीत लिटरभराहून जास्त पाणी बाहेर पडतं. त्याला वाट मिळाली नाही तर ते गादीत मुरतं, विष्ठा कुजते आणि डोळे झोंबवणारा अमोनिया तयार होतो. पुढे साधी सर्दीसुद्धा छातीत उतरते.

पहिल्या हिवाळ्यात मीही असंच खुराडं बांधून टाकलं होतं. ३२ पैकी ९ कोंबड्या गेल्या. माझी तांबडी गावठी शेवटच्या रात्री चोच उघडून श्वास घेत होती आणि तिला गारठा झाला असं समजून मी खुराड्यावर आणखी एक पोतं टाकलं. तेव्हापासून मी जो क्रम पाळते तो इथे देते आहे. क्रम बदलू नका. गळकं छप्पर तसंच ठेवून नवीन तूस पसरलं तर ते आठवड्यात वाया जातं, आणि पिसवा-गोचीड न मारता पडदे लावले तर तुम्ही त्यांच्यासाठीच ऊब केलेली असते.

इथली मापं ८ फूट लांब, ६ फूट रुंद खुराड्याची आणि २५ मोठ्या कोंबड्यांची आहेत. म्हणजे एका कोंबडीला साधारण २ चौरस फूट जागा. तुमचं खुराडं लहान असेल तर पक्षी कमी करा. हिवाळ्यात दाटीवाटीने ऊब मिळते हा समज खोटा आहे, दाटीने ओल वाढते.

कामाला कोजागिरीनंतर लागायचं. पाऊस थांबलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, ते फुकटचं ऊन वापरून घ्यायचं. थंडीची लाट आल्यावर सुरुवात केली तर धुतलेलं खुराडं वाळतच नाही.

१. खुराडं रिकामं करा आणि वाळवा

सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्या की पावसाळ्यातली सगळी जुनी गादी काढा. ती अर्धी ठेवून वर नवीन तूस टाकू नका, खालच्या थरात बुरशी आणि रक्ती हगवणीचे जंतू असतात. जमीन खरवडा, कोपऱ्यातली चिकटलेली विष्ठा विळ्याने काढा. मग बसायच्या काठ्या, अंड्यांच्या पेट्या, खाद्याची आणि पाण्याची भांडी बाहेर काढून घासा आणि दोन दिवस उन्हात ठेवा.

धुवायचं असेल तर एकदाच, सकाळी लवकर धुवा. नंतर तीन-चार दिवस खुराडं उघडं ठेवा. या काळात कोंबड्यांची रात्रीची सोय ओटीवर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात डालग्याखाली करा.

चुना याच वेळी, रिकाम्या आणि कोरड्या जमिनीवर टाकायचा आणि भिंतींना त्याची सफेदी करायची. पुढे हिवाळ्यात गादी ओली झाली म्हणून तिच्यावर चुना भुरभुरू नका. ओल्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया आणखी सुटतो.

तपासणी: जमिनीवर प्लास्टिकची पिशवी अंथरून चार कोपऱ्यांना दगड ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पिशवीच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर जमिनीतून ओल येते आहे. मग मुरूम टाकून, चोपून जोतं चार-सहा बोटं वर घ्या. बाहेरच्या बाजूने पाणी वाहून जायला चर काढा.

२. पिसवा, उवा, गोचीड आधी संपवा

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं. गोचीड आणि लाल किडे दिवसा काठ्यांच्या खाचांत, विटांच्या फटीत, पत्र्याच्या जोडात लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. थंडीत कोंबड्या एकमेकींना चिकटून बसतात, त्यामुळे एकीच्या अंगावरची कीड आठवड्यात सगळ्यांवर जाते. अशक्त झालेल्या कोंबडीला मग थंडी खरोखरच सोसत नाही.

रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा आणि काठीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं घासा. फडक्यावर तांबडे ठिपके उमटले तर कीड आहे. रिकाम्या खुराड्यातल्या फटींवर उकळतं पाणी ओता आणि मग त्या मातीने किंवा सिमेंटने लिंपून घ्या. कोंबडीच्या अंगावरचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून त्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. गोठ्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध अंदाजाने कोंबड्यांवर फवारू नका, विषबाधा होते.

परसात उन्हाच्या जागी एक जुनी घमेली कोरडी माती आणि चाळलेली चुलीची राख भरून ठेवा. कोंबड्या त्यात लोळून स्वतःची पिसं साफ करतात. राख लाकडाची हवी, प्लास्टिक जाळलेली नको.

जंतांचं औषध आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस यांचाही हाच काळ. आधी जंत पाडा, आठवड्याने लस द्या. लस एकट्यादुकट्याने आणणं परवडत नाही, कारण एक कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा घरांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी उन्हाच्या आत बर्फाच्या डब्यातून लस येते आणि नऊच्या आत सगळ्यांकडे देऊन होते. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला लस देऊ नका, आणि अंड्यावर आलेल्या कोंबड्यांना कोणती द्यायची ते दवाखान्यातच ठरवू द्या.

३. छप्पर: पत्र्याला फुटणारा घाम

पत्र्याचं खुराडं असेल तर थंडीच्या पहाटे आत जाऊन वर हात लावून बघा. तळहात ओला होतो. कोंबड्यांच्या श्वासातली वाफ गार पत्र्याला लागते, तिचे थेंब होतात आणि टपटप गादीवर पडतात. छप्पर कुठेच गळत नाही, तरी काठ्यांखालची गादी ओली का, याचं उत्तर अनेकदा हेच असतं.

उपाय सोपा आहे. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा किंवा कडब्याच्या पेंढ्यांचा वीतभर थर द्या. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तुराट्या आडव्या टाकून तारेने बांधा. पत्रा बाहेरून झाकला गेला की तितका गार पडत नाही आणि घाम कमी फुटतो. पाचट आतून बांधू नका, त्यात उंदीर घर करतात.

कौलारू छपराला हा त्रास फारसा नसतो. फुटकी कौलं बदलली की झालं.

४. पडदे: खालून वर, वर फट मोकळी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पडदा वरच्या वाश्याला ठोकून खाली सोडायचा ही आपली सवय. मग खालची कड वाऱ्याने फडफडते, झोत नेमका बसलेल्या कोंबड्यांवर येतो आणि वरची कोंदट हवा आतच राहते. जे उघडं हवं ते बंद आणि जे बंद हवं ते उघडं.

पडदा खालच्या बाजूला पक्का करायचा आणि सुतळीने वर ओढायचा. पूर्ण ओढला तरी छपराखाली ९ इंच ते १ फूट फट राहिलीच पाहिजे. कोंबड्यांच्या श्वासाची गरम, ओली हवा वर जाते आणि त्या फटीतून निघून जाते. खाली बसलेल्या कोंबड्यांना वारा लागत नाही.

आता बाजू बघा. हिवाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः उत्तरेकडून आणि पूर्वेकडून येतो, तर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून उत्तरेची आणि पूर्वेची बाजू फटीपर्यंत पक्की झाका. दक्षिणेचा पडदा रोज उघडता येईल असा ठेवा. जानेवारीतलं दहाचं ऊन दक्षिणेच्या जाळीतून गादीवर पडायला हवं. गादी वाळवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही.

पडद्याला दुहेरी गोणपाट उत्तम. ते वारा अडवतं आणि ओल आत कोंडत नाही. खताच्या प्लास्टिकच्या गोण्या शिवूनही चालतील, पण आधी दोन-तीनदा स्वच्छ धुवा आणि वरची फट थोडी जास्त ठेवा. ताडपत्री फक्त अवकाळी पावसाच्या दिवसापुरती हाताशी असू द्या.

तपासणी: संध्याकाळी पडदे ओढा, अगरबत्ती पेटवून कोंबड्या बसतात त्या उंचीवर धरा. धूर सरळ वर जाऊन छपराजवळच्या फटीकडे वळला की काम बरोबर झालं. आडवा पळाला तर झोत आहे, त्या बाजूची फट शोधून बुजवा. वर जाऊन तिथेच घोटाळत राहिला तर फट मोठी करा.

सावध: पडद्याआड मांजर आणि मुंगूस दबा धरून बसतात, कोणाला दिसत नाहीत. पडदा लावण्याआधी मागची जाळी सगळीकडून हाताने दाबून बघा. बोट जाईल एवढ्या भोकाची जाळी ठीक, तीन बोटं जात असतील तर दुसरी लावा.

५. बसायच्या काठ्या

लोखंडी पाइप असेल तर काढून टाका, रात्रभर तो पायांतली ऊब ओढून घेतो. गोल बारीक बांबूपेक्षा दोन-अडीच इंच रुंद, चपटी, कडा घासून गोल केलेली फळी बरी. तिच्यावर कोंबडीचा पंजा सपाट राहतो आणि पोटाच्या पिसांखाली बोटं पूर्ण झाकली जातात. एका कोंबडीला ८ इंच जागा, उंची दीड-दोन फूट, पडद्यापासून किमान एक फूट आत. सगळ्या काठ्या एकाच उंचीवर लावा. एक जरी उंच असली तरी सगळ्या तिच्यासाठी भांडतात आणि कमजोर कोंबडी रात्रभर खाली ओल्यात बसते.

६. गादी

आता तूस. इगतपुरीकडच्या भातगिरण्यांतून येणारं भाताचं तूस आमच्याकडे सहज मिळतं. रंध्याचा कोरडा भुसाही चालतो. ओल्या लाकडाचा भुसा नको. शेंगांची टरफलं फुकट मिळतात म्हणून लोक वापरतात, पण त्यांना बुरशी लवकर लागते, म्हणून मी ती घेत नाही.

तूस दोन दिवस उन्हात पसरा, मगच आत घ्या. पावसाळ्यात दोन इंच पुरतं, हिवाळ्यात चार इंच हवं. आपल्या मापाच्या खुराड्याला चार-पाच पोती लागतात. आठवड्यातून दोनदा, कोंबड्या बाहेर असताना, दाताळ्याने खालपर्यंत हलवा. काठ्यांखालचा पट्टा सगळ्यात लवकर ओला होतो, तिथली ओली ढेकळं काढून नवीन तूस टाका.

तपासणी: काठ्यांखालचं मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू झाला तर ओल जास्त आहे. किंचित आकार धरून लगेच विस्कटलं तर बरोबर. नुसती धूळ उडाली तर जास्त कोरडं झालंय, त्या धुळीनेही शिंका येतात.

दुसरी तपासणी रोजची आहे आणि तिला काही लागत नाही. सकाळी पडदे उघडण्याआधी आत जा, कोंबडीच्या उंचीला खाली बसा आणि दोन-तीन खोल श्वास घ्या. उभं राहून वास कळत नाही. नाक-डोळे चुरचुरले तर कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसलंय. त्याच दिवशी गादी हलवा आणि वरची फट वाढवा, कितीही थंडी असो.

७. दाणा-पाणी

थंडीत कोंबडीचं खाणं वाढतं, ते तोडू नका. नेहमीपेक्षा दहावा हिस्सा तरी जास्त द्या. दाणे संध्याकाळी, बसायच्या तासभर आधी द्यायचे. गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली असली की रात्रभर सावकाश पचन होतं आणि अंगात ऊब राहते. घरात बाजरीच्या भाकरी सुरू होतात तेव्हा कोंबड्यांनाही मूठमूठ बाजरी आणि भरडलेला मका सुरू करा. पण फक्त मक्यावर ठेवू नका, सकाळचं नेहमीचं खाद्य आणि हिरवा पाला चालू राहू द्या.

सावध: खरिपाचा नवा मका याच वेळी घरात येतो आणि तो अनेकदा ओला असतो. ओल्या मक्यावरच्या बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खराब करतं, आणि ते भाजून किंवा शिजवूनही जात नाही. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा. कुबट वास आला किंवा कोंबाजवळ काळं-हिरवं दिसलं तर तो दाणा फेकून द्या. कोंबड्यांनाही नको आणि शेळीलाही नको.

रात्रभर भांड्यात राहिलेलं पाणी गारेगार असतं, कोंबड्या ते पीत नाहीत. पाणी कमी झालं की खाणं आणि अंडी दोन्ही घटतात. विहिरीचं किंवा बोअरचं पहाटे काढलेलं पाणी कोमट लागतं, तेच द्या. संध्याकाळी पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर काढा, रात्री सांडलेलं पाणी ही गादीची सगळ्यात मोठी खराबी.

अंडी कमी होण्याचं आणखी एक कारण उजेड. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. गिरिराज, वनराज, कावेरीसारख्या सुधारित जाती असतील तर पहाटे चारपासून उजाडेपर्यंत एक छोटा एलईडी लावा. संध्याकाळी लावून मध्येच बंद केला तर काठीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात खालीच अडकतात. आणि वेळ रोज तीच ठेवा. गावठी कोंबड्यांसाठी मी हा खटाटोप करत नाही, त्यांना हिवाळ्यात विसावा घेऊ देते.

८. पिल्लांची व्यवस्था वेगळी

आतापर्यंत जे सांगितलं ते मोठ्या कोंबड्यांचं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या जवळपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत न्यायची. पंख पुरते येईपर्यंत त्यांना थंडी खरोखरच मारते.

खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी असेल तर तिच्यासारखी दुसरी ऊब नाही. पण हिवाळ्यात तिच्याखाली आठ-दहाच अंडी ठेवा. पंधरा ठेवली की कडेची गार पडतात, मग ती सरकवत राहते आणि आळीपाळीने सगळीच बिघडतात.

विकतची पिल्लं आणली असतील तर:

- पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. चौकोनी नको, पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात.
- थंडीत दर पिल्लामागे २ वॅट धरा. ५० पिल्लांना १०० वॅटचा एक बल्ब. बल्ब जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. दुकानदार देतो म्हणून एलईडी लावून पिल्लं गारठल्याची उदाहरणं दर वर्षी दिसतात.
- बल्ब पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी लावा. हवा तासाभरात तापते, तूस तापायला रात्र जाते.
- आल्या आल्या कोमट गूळपाणी द्या, खाद्य तास-दोन तासांनी.

थर्मामीटर असला तर चांगलंच, पण पिल्लं स्वतःच सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट करत असतील तर गारठलीत, बल्ब खाली घ्या. कड्याला चिकटून चोची उघडून बसली तर उष्णता जास्त आहे. सगळीकडे पसरून निवांत टिपत असतील तर ठीक. रात्री एक पिल्लू उचला आणि त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर वरून कितीही ऊब वाटो, गादी गार आहे. तूस वाढवा.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवा आणि वरून गोणपाट अर्धंच टाका.

सावध: बंद जागेत कोळशाची शेगडी किंवा पाटी कधीच ठेवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि पिल्लं झोपेतच जातात. माणसांचंही तेच होतं, म्हणून पिल्लांसोबत शेगडी घेऊन त्या खोलीत झोपू नका.

९. रोजची उघडझाक आणि लाटेची रात्र

आपला हिवाळा विचित्र आहे. पहाटे ८ अंश आणि दुपारी २८. त्यामुळे पडदा एकदा लावून फेब्रुवारीत काढायचा असं चालत नाही. ऊन अंगणात आलं, साधारण आठ-साडेआठला, की दक्षिणेचा पडदा पूर्ण खाली सोडा आणि कोंबड्या बाहेर काढा. दाट धुकं असेल तर तासभर थांबा. सूर्य मावळायच्या सुमारास पुन्हा ओढा.

थंडीच्या लाटेचा इशारा आला की नवीन काही करायचं नसतं. गादीत इंच-दीड इंच कोरडं तूस वाढवा, संध्याकाळचा दाणा मूठभर जास्त द्या, दुखणाईत किंवा पिसं झडलेली कोंबडी घरात डालग्याखाली ठेवा. वरची फट त्या रात्रीही बुजवायची नाही. खुराड्यात कोंबड्या असताना धुरीही द्यायची नाही.

रात्री दहाला एकदा बॅटरी घेऊन जा. काठीवर रांगेत, माना आत घेऊन, फुगून बसल्या असतील तर त्या ठीक आहेत, दिवा बंद करून परत या. एकाच कोपऱ्यात ढीग झाला असेल तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय. घरघर ऐकू आली तर ती कोंबडी लगेच वेगळी काढा. सकाळी ती खात नसेल, मान वाकडी करत असेल किंवा हिरवी हगवण लागली असेल तर दवाखान्यात कळवा. एकदम चार-पाच मेल्या तर त्या ओढ्यात टाकू नका आणि विकूही नका. आधी दवाखान्यात सांगा, मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

महाशिवरात्रीनंतर पडदे उतरवायला घ्या, आधी पूर्वेचा, आठवड्याने उत्तरेचा. पत्र्यावरचं पाचट मात्र काढू नका, तेच उन्हाळ्यात पत्रा तापू देत नाही. चार महिन्यांची गादी खतासाठी सोन्यासारखी असते, पण ताजी झाडांच्या बुंध्याशी टाकली तर मुळं जळतात. दोन-तीन महिने खड्ड्यात कुजू द्या, मग वांगी-मिरचीला घाला.